धरून उभे राहा

एकतीस वर्षं मी काही न धरता उभा होतो.
एका हातात पंच,
दुसऱ्याच्या बोटांच्या फटींत दुमडलेल्या नोटा.
ब्रेक लागला की अख्खी बस पुढे
आणि मी तिथल्या तिथे.
गाडीवर माने आहे की तावडे
हे गुडघ्यांना न विचारता कळायचं.

आता स्वयंपाकघरातली फरशी जागची हलत नाही,
मी हलतो.

सायन हॉस्पिटलात बेनझीर मुकादम नावाच्या मुलीनं
नादकाटा वाजवून घोट्यावर ठेवला.
"थरथर थांबली की सांगा, काका."
माझी अजून सुरूच झाली नव्हती.
मग म्हणाली, पाय जुळवा, डोळे मिटा.
मिटले
आणि उघडले तेव्हा तिच्या हातांवर माझं सगळं वजन.
"साखरेनं आतल्या वायरी खाल्ल्यात.
तुम्ही डोळ्यांवर उभे आहात, काका.
रात्री उठलात तर आधी दिवा लावायचा."

त्याच्या आदल्याच आठवड्यात
प्रतीक्षानगरच्या बाजारातून मेथीची जुडी घेऊन आलो,
जिना चढलो,
मागून तिसऱ्या मजल्यावरचा कुणाल धावत,
हातात माझी चप्पल.
"आजोबा, ही पिठाच्या गिरणीपाशी पडली होती."
मी खाली बघितलं.
एक पाय अनवाणी, धुळीनं पांढरा,
आणि त्याची काही तक्रार नव्हती.

याच पायांना रात्री चादर सहन होत नाही.
दिवसा ज्यांना खडा कळत नाही
ते रात्री सुती कापडाला निखारा म्हणतात.
रजनी म्हणते, अगदी सरकारी कचेरी,
विचारायला जावं तर खिडकी बंद,
आणि नोटिसा मात्र घरपोच.

तर आता सकाळी, पोटात दोन घास गेल्यावर,
ओट्याची कड दोन बोटांनी धरून
फरशीच्या सांध्यावरून चालतो.
पुढच्या टाचेला मागचा अंगठा टेकवत
सिंकपासून फ्रिजपर्यंत.
फ्रिजला शिवून परत.
मग खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं.
सातनंतर मी एकदम नऊ म्हणतो,
रजनी कणीक मळता मळता म्हणते, आठ.

मग एक पाय.
बेनझीर म्हणाली होती, दहापर्यंत मोजा.
आकड्यांत माझा जीव रमत नाही,
जन्मभर सुट्टे मोजले.
मी स्टॉप मोजतो.
वडाळा डेपो. राम मंदिर. फाइव्ह गार्डन.
हिंदू कॉलनी. दादर टीटी.
होळीला डावा पाय डेपोतून निघतच नव्हता.
गणपतीत राम मंदिर.
दिवाळीनंतर एकदा थेट टीटीला पोचलो
तर बघायला घरात कोणी नव्हतं.

रात्री रजनी बॅटरी घेऊन तळवे तपासते,
बोटाबोटाच्या फटीत,
मी विदाउट तिकीट शोधायचो तशी.
परवा एक टाचणी सापडली.
कुठून बसली, किती स्टॉप आली,
मला पत्ता नाही.
ती काही बोलली नाही. डेटॉल आणलं,
सकाळी रिक्षा आणली,
आणि चार दिवस व्यायाम बंद, पट्टी.

पट्टी सोडवून येताना बसमध्ये चढलो.
नवा पोरगा, गळ्यात तिकिटाचं मशीन.
"काका, धरून उभे राहा."
दोन्ही हातांनी धरलं.
मी कोण ते त्याला सांगितलं नाही.
वळणावर तो हलला, सावरला,
मी त्याचे गुडघे बघत होतो.

आज उजवा.
डेपो. राम मंदिर. फाइव्ह गार्ड–
कुकरची शिट्टी झाली
आणि घोटा थरथरून पाय खाली आला.
काय झालं, रजनीनं विचारलं.
उतरलो, म्हटलं. मागची गाडी रिकामी येतेय.

हे मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो,
बहुतेक वेळा खोटं.

ओट्याची कड धरली.
डेपो.